पडद्यावरचे रान, पडद्यावरचे यंत्र

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून मधुमेहापर्यंत अनेक विषयांवर अधिकारी व्यक्तींनी व्याख्याने दिली आहेत. या वेळी कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी डिप्लोमा केलेला रेल्वेचा इंजिनिअर. सिनेमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास वगैरे माझा नाही. आवड मात्र आहे, आणि ती विज्ञानपटांची. नोकरी रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यात गेल्यामुळे एक खोड लागली आहे. पडद्यावर यंत्र आले की माझे लक्ष नायकावरून उडते आणि त्या यंत्राकडे जाते. या खोडीमुळे जे लक्षात आले ते आज आपल्यापुढे मांडतो.

विषय थोडक्यात असा. गाजलेले विज्ञानपट पाहिले तर त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत एक ठरावीक वाटणी दिसते. रानात राहणारे, धनुष्यबाण वापरणारे लोक निर्मळ आणि शहाणे. कारखाने, इंजिने आणि यंत्रे असलेले लोक हावरे, क्रूर आणि मनाने कोरडे. ही वाटणी कितपत खरी आहे, ती आली कुठून आणि तिच्यामुळे कोणाचे नुकसान होते, एवढेच आज पाहायचे आहे.

सर्वांनी पाहिलेले उदाहरण घेऊ. जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ डिसेंबर २००९ मध्ये आला. पँडोरा नावाच्या एका दूरच्या उपग्रहावर नावी नावाचे निळे, उंच लोक राहतात. त्यांच्या वस्तीच्या महावृक्षाखाली मौल्यवान खनिज आहे आणि ते काढायला पृथ्वीवरून एक खाणकंपनी भाडोत्री सैन्य घेऊन आली आहे. जेक सली हा दोन्ही पायांनी अधू झालेला माजी सैनिक नावींमध्ये हेर म्हणून जातो, त्यांचाच होऊन बसतो आणि शेवटी कंपनीविरुद्ध लढतो. खनिजाचे नाव ‘अनऑब्टेनियम’. हा शब्द कॅमेरॉन यांनी शोधलेला नाही. हवे तसे, पण कुठेच न मिळणारे मटेरियल, या अर्थाने अमेरिकेतील इंजिनिअर मंडळी १९५० च्या दशकापासून तो थट्टेने वापरत आली आहेत. स्टोअर डेपोत इंडेंट घेऊन हेलपाटे घातलेल्या माझ्या सहकाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तो महावृक्ष कोसळतो तेव्हा थिएटरमध्ये डोळे पुसणारे लोक मी पाहिले आहेत. ते रडणे खोटे नव्हते. ज्या अन्यायाची ती गोष्ट आहे, तो अन्याय पृथ्वीवर पुष्कळदा झाला आहे. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटच्या खाणीला डोंगरिया कोंध आदिवासींचा विरोध होता आणि २०१० साली त्यांच्या लढ्याची तुलना ‘अवतार’शी केली गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नियमगिरीत बाहेरून कोणी जेक सली येऊन, गरुडासारख्या पक्ष्यावर बसून युद्ध जिंकला नाही. आदिवासींनी सभा भरवली, कायदा वापरला, आणि आपले म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडले. सिनेमातल्या आदिवासीला मात्र पुढारी लागतो तो आपल्यातलाच. त्याचे कौतुक करता करता त्याला किती कमी लेखले जाते, याचा हा पहिला पुरावा.

आता पँडोराचे रान जरा इंजिनिअरच्या नजरेने पाहू. त्या रानात मलेरिया नाही. बाळंतपणात दगावलेली बाई नाही. सर्पदंश, पटकी, दुष्काळ, कुपोषण काहीही दिसत नाही. रात्री झाडे आपोआप उजळतात, म्हणजे लोडशेडिंगचाही प्रश्न मिटला! आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे नावींची शेंडी. ही शेंडी घोड्याला जोडली की घोडा ऐकतो, पक्ष्याला जोडली की पक्षी ऐकतो आणि पवित्र वृक्षाला जोडली की पूर्वजांचे आवाज ऐकू येतात. चित्रपटातली शास्त्रज्ञ बाई हे समजावून सांगताना शब्द कोणते वापरते? जाळे, जोडण्या, माहिती चढवणे आणि उतरवणे. यंत्रयुगाला विटलेल्या माणसाला जे रान दाखवले, त्याचे वायरिंग आपल्या टेलिकॉम खात्याचेच आहे. म्हणजे आपल्याला खरे रान हवे नसते. यंत्राच्या सगळ्या सोयी असलेले, पण यंत्राचा आवाज, धूर आणि बिल नसलेले रान हवे असते.

आणखी एक बारकावा आहे. पहिल्या काही मिनिटांतच जेक सांगतो की त्याचा मणका दुरुस्त करण्याची विद्या पृथ्वीवर आहे, पण तिचा खर्च माजी सैनिकाच्या भत्त्यात बसत नाही. हे वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. सगळ्या चित्रपटाचे मर्म मला तिथे दिसले. जेकला पाय नाहीत ते यंत्रयुगामुळे नाहीत. पाय देणारे यंत्र आहे, पण ते कोणाला मिळायचे हे पैसा ठरवतो. हा प्रश्न धरून कॅमेरॉन पुढे गेले असते तर वेगळाच चित्रपट झाला असता. पण तो प्रश्न तिथेच राहतो आणि राक्षस म्हणून बुलडोझर उभा केला जातो. बुलडोझरला तोंड असते, दात असतात, तो पडद्यावर चांगला दिसतो. हिशेबाची वही पडद्यावर दिसत नाही.

कॅमेरॉन यांना मी दोष देत नाही. त्यांचे वडील विद्युत अभियंता होते. ते स्वतः मार्च २०१२ मध्ये, ज्याच्या रचनेत त्यांचा हात होता अशा एकट्याच्या पाणबुडीतून, पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत जवळजवळ ११ किलोमीटर खोल उतरले. ‘अवतार’मधील एकेक पान न्यूझीलंडमधील हजारो संगणकांनी रात्रंदिवस चालून रंगवले. यंत्राविरुद्धचे एवढे सुंदर गाऱ्हाणे यंत्राशिवाय मांडताच आले नसते. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात त्यांनी नावींमध्येच एक लुटारू टोळी दाखवली आहे. सगळे रानवासी देवमाणसे नसतात, हे त्यांनाही दाखवावेसे वाटले असावे.

‘अवतार’च्या आधी, १९८३ साली, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील चित्रपटात हेच झाले होते. एका वनराजीतल्या उपग्रहावरील इवॉक नावाचे अस्वलासारखे बुटके जीव दगड, दोर आणि लाकडाचे ओंडके यांनी साम्राज्याच्या पोलादी चालत्या गाड्यांचा फडशा पाडतात. जॉर्ज लुकास यांच्या डोळ्यांपुढे व्हिएतनाम युद्ध होते. बलाढ्य यंत्रसेना आणि तिला पुरून उरणारे साध्या हत्यारांचे लोक, हे त्यांच्या पिढीने वर्तमानपत्रात रोज वाचले होते. पण त्याच वेळी वर आकाशात बंडखोरांचे आरमार साम्राज्याशी लढत असते, आणि तेही यानांमधूनच. ओंडके खाली, क्षेपणास्त्रे वर. टाळ्या मात्र ओंडक्यांना.

यंत्र म्हणजे राक्षस ही प्रतिमा याहूनही जुनी आहे. १९२७ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट प्रदर्शित झाला. वर बागा आणि उंच इमारतींत मालक, खाली जमिनीच्या पोटात मजूर. मालकाचा मुलगा फ्रेडर एकदा खाली जातो. त्याच्या समोर यंत्राचा स्फोट होतो आणि त्याला त्या यंत्राच्या जागी मोलोख हा नरबळी घेणारा देव दिसतो, आ वासलेला. मजुरांच्या रांगा त्याच्या तोंडात चढत जातात. पहिले महायुद्ध संपून दहा वर्षेही झाली नव्हती. तोफा, विषारी वायू आणि मशिनगनने माणसे कशी खाल्ली हे युरोपने पाहिले होते. तो मोलोख दिग्दर्शकाच्या डोक्यातून उगीच आलेला नाही.

पण ‘मेट्रोपोलिस’चा उत्तरार्ध लोक विसरतात. चिथावलेले मजूर यंत्रे फोडायला निघतात. त्यांच्यात ग्रोट नावाचा एक फोरमन आहे. शहराचे मुख्य यंत्र त्याच्या ताब्यात आहे आणि तो जीव तोडून मजुरांना अडवतो. ऐकतो कोण? मुख्य यंत्र फुटते आणि जमिनीखालच्या मजूरवस्तीत पाणी भरू लागते. तिथे मजुरांचीच मुले आहेत. नायक-नायिका त्यांना वाचवतात म्हणून बरे. ज्याला राक्षस म्हटले, तेच यंत्र त्या वस्तीला पुरापासून राखत होते, आणि हे ठाऊक असलेला माणूस एकच होता. तो म्हणजे तेलकट कपड्यांतला फोरमन.

त्या वेळचे थोर विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही. १९२७ मध्येच त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याच्यावर सडकून टीका केली. त्यांचा मुद्दा असा की, यंत्र जसजसे सुधारते तसतशी गुलामासारख्या ढोरमेहनतीची गरज कमी होते. यंत्राने केलेला माल विकत घ्यायला खिशात पैसे असलेला मजूर लागतो. पुढे १९३६ साली त्यांच्या पटकथेवरून ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट निघाला. त्यात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगाला वैमानिक आणि इंजिनिअर सावरतात. माझ्या मते वेल्सही दुसऱ्या टोकाला गेले. इंजिनिअरांच्या हाती सगळे सोपवले की जग सुखी होईल, हे कोणत्याही डिव्हिजनल ऑफिसात एक आठवडा काढलेला माणूस म्हणणार नाही!

गंमत बाजूला ठेवू. मला सांगायचे आहे ते या फोरमनबद्दल. विज्ञानपटांत यंत्राचा मालक दिसतो, यंत्राचा बळी दिसतो. यंत्र सांभाळणारा माणूस क्वचित दिसतो, आणि तो दिसतो तिथे चित्रपट अचानक शहाणा होतो. २००३ सालच्या ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये असा एक प्रसंग आहे. यंत्रांशी युद्ध करणारी माणसे जमिनीखाली झायन नावाच्या शहरात लपून राहतात. एका रात्री तिथला एक वृद्ध सभासद नायकाला खालच्या मजल्यावर नेतो. तिथे पाणी शुद्ध करणारी अवाढव्य यंत्रे चालू असतात. म्हातारा म्हणतो त्याचा आशय असा की, इथे खाली कोणी फिरकत नाही, चालते आहे तोवर कसे चालते याची कोणाला पर्वा नसते. काही यंत्रे आपल्याला मारायला येत आहेत आणि काही आपल्याला जगवत आहेत. तो प्रसंग दोन-चार मिनिटांचा आहे. अनेक प्रेक्षक तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला जातात.

तसेच ‘इंटरस्टेलर’ या २०१४ च्या चित्रपटात. पृथ्वीवर पिके मरत आहेत, धुळीची वादळे उठत आहेत आणि शाळा सांगते की आम्हाला इंजिनिअर नकोत, शेतकरी हवेत. यंत्रांचा उधळा काळ संपला म्हणून सगळे समाधानी. नायक तिथे एक आठवण सांगतो. डोक्याचा एमआरआय करणारे यंत्र उरले असते तर त्याच्या बायकोच्या मेंदूतील गाठ वेळेवर सापडली असती. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांनी आई-वडिलांना घेऊन तपासणीसाठी रांगेत तास घालवले आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ समजेल.

आपल्या देशातही हा वाद नवा नाही. गांधीजींनी १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिले. त्यात रेल्वेवर कडक टीका आहे. रेल्वेमुळे प्लेग पसरला, दुष्काळ वाढले, असे त्यांचे म्हणणे होते. रेल्वेवाला म्हणून मला ते वाचताना जड गेले, पण त्या काळची रेल्वे कोणासाठी आणि कशासाठी चालत होती हे आठवले की राग ओसरतो. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी लंडनमध्ये गांधीजींची आणि चार्ली चॅप्लिनची भेट झाली. चॅप्लिनने विचारले की यंत्रांना तुमचा एवढा विरोध का? यंत्र माणसाच्या भल्यासाठी वापरले तर त्याचे कष्ट कमी होतील की! गांधीजींनी उत्तर दिले ते रानाचे गोडवे गाऊन नव्हे. यंत्राच्या जोरावर इंग्लंडने आम्हाला परावलंबी केले, तेव्हा आधी ते जोखड उतरवू द्या, असा त्यांचा रोख होता. पुढे १९३६ साली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यात कामगार यंत्राच्या दातेरी चाकांत ओढला जातो, आणि जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून मालक त्याला यंत्राने घास भरवायला बघतो. यंत्र तेच, पण कोणाच्या सोयीचे, हा प्रश्न तिथे हसवता हसवता विचारलेला आहे.

गांधीजींनी १९२४ साली सांगून टाकले होते की त्यांचा विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. शिवणयंत्राला तर त्यांनी खास सूट दिली, कारण सिंगरने ते बायकोचे शिवणकामाचे कष्ट पाहून, मायेपोटी केले असे ते म्हणत. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचा, एखाद्या चांगल्या टेंडरसारख्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या बाईला झोपडीत बसून आठ तास फार दमल्याशिवाय चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या आत, आणि निगा राखली तर वीस वर्षे टिकावा. आपल्या किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. तरी मला त्या अटी फार महत्त्वाच्या वाटतात. यंत्र हवे की नको, असे त्यांत विचारलेले नाही. ते कोण चालवणार, त्याला परवडेल का, आणि बिघडले तर काय, हे विचारले आहे.

आता रानाची दुसरी बाजू. आपल्यापैकी बरेच जण चेरापुंजीकडे जाऊन आले असतील. तिथले जिवंत मुळांचे पूल पाहून आपण फोटो काढतो आणि निसर्गाची किमया म्हणतो. ती निसर्गाची किमया नाही, ते खासी लोकांचे इंजिनिअरिंग आहे. ओढ्याच्या काठी रबरी वडाचे झाड लावायचे, त्याच्या मुळ्या बांबू किंवा सुपारीच्या खोडाच्या आधाराने पलीकडे न्यायच्या, तिकडे रुजू द्यायच्या, एकमेकींत विणायच्या. पूल वापरात यायला पंधरा ते तीस वर्षे लागतात, म्हणजे जो सुरू करतो तो बहुधा पुढच्या पिढीसाठी सुरू करतो. चेरापुंजीच्या पावसात लाकूड कुजते, लोखंड गंजते. हा पूल मात्र वयाबरोबर मजबूत होतो, शेकडो वर्षे टिकतो. पण त्याचीही देखभाल लागते. नव्या मुळ्या वळवाव्या लागतात, नको ते वाढलेले काढावे लागते. आमच्या पुलांच्या खात्यातील मंडळींनी नमस्कार करावा असे हे काम आहे.

याहून टोकाचे उदाहरण अंदमानातील नॉर्थ सेंटिनेल बेटाचे. तिथल्या लोकांनी बाहेरच्या जगाशी संबंध नाकारला आहे. आपल्या रोगांचा प्रतिकार त्यांच्या शरीरात नसण्याची भीती असल्यामुळे सरकारने तिथे जायला बंदी केली आहे आणि ती योग्यच आहे. पण १९८१ साली ‘प्रिमरोज’ नावाचे मालवाहू जहाज त्या बेटाच्या खडकावर अडकले, तेव्हा या लोकांनी त्याचे लोखंड काढून नेले आणि बाणांना टोके केली. ज्यांना आपण सगळ्यांत आदिम म्हणतो, त्यांनी चांगले मटेरियल ओळखायला वेळ लावला नाही. आपल्याकडून काय घ्यायचे आणि काय नाही, हे ते स्वतः ठरवत आहेत. पडद्यावरच्या भोळ्याभाबड्या रानमाणसाला असे ठरवायची मुभाच नसते. त्याने कायम पिसे लावून नाचायचे आणि आपले मन शांत करायचे. त्याला दवाखाना हवा, मुलीला शाळा हवी, गावाला हॉल्ट स्टेशन हवे असे तो म्हणाला, की आपला हिरमोड होतो. या गोड चित्रामुळे पहिले नुकसान त्याचे होते.

दुसरे नुकसान आपल्या मुलांचे आहे. आमच्या वसाहतीतील कॉलेजात जाणारी मुले मला विचारतात, “काका, जंगलातून लाइन नेणारे तुम्ही, म्हणजे ‘अवतार’मधले बुलडोझरवाले तुम्हीच ना?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथे आसामात तर मुळीच नाही. आपण आत्ता ज्याची आरती केली त्याचे मस्तक हत्तीचे आहे, आणि इथे हत्ती रुळांवर मरतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये उत्तर बंगालमधील चापरामारीच्या जंगलात एक्स्प्रेस गाडीची हत्तींच्या कळपाला धडक बसली. डिसेंबर २०२५ मध्ये होजाई जिल्ह्यात राजधानी एक्स्प्रेसच्या धडकेने सात हत्ती मेले आणि गाडीचे डबे रुळांवरून घसरले. चालकाने आणीबाणीचा ब्रेक लावला होता. पण वेगातली गाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर जाते. धुक्यात आणि अंधारात हत्ती दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हे कोणत्याही कंपनीच्या हावेमुळे झाले नाही आणि चालक काही सिनेमातला कर्नल नव्हता. तरी हत्ती मेले, हे खरे आहे, आणि जबाबदारी आपली आहे.

सिनेमाची वाटणी स्वीकारली तर इथे दोनच वाटा उरतात. रेल्वे राक्षस म्हणून हळहळायचे, किंवा विकासाला किंमत मोजावीच लागते म्हणून खांदे उडवायचे. दोन्हींनी हत्ती वाचत नाही. वाचला तर तो कशाने वाचतो ते सांगतो. हत्ती मधमाश्यांना घाबरतो हे जाणून ईशान्य सीमांत रेल्वेने रुळांजवळ मधमाश्यांच्या गुणगुणण्याचा आवाज करणारी साधने बसवली. हा आवाज हत्तीला सुमारे सहाशे मीटरवरून ऐकू जातो. मधमाश्यांची ही भीती रानाजवळच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. रेल्वेने तिला स्पीकर जोडला. अलीपूरद्वार आणि लामडिंग विभागांत रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची थरथर ओळखणारी यंत्रणा बसवली गेली. हत्ती रुळांजवळ आला की स्टेशन मास्तर, कंट्रोल आणि चालक यांना इशारा जातो. त्याशिवाय हत्तींच्या वाटांवर गाडीचा वेग कमी ठेवणे, वळणावरची झुडपे छाटून दृष्टी मोकळी ठेवणे, हत्तींना रूळ ओलांडायला उतार करून देणे, रुळांकडेला खरकटे न टाकणे हे आहेच. यातले शेवटचे काम तर प्रवासी म्हणून आपणा सर्वांचे आहे.

अर्थात ही यंत्रणा सगळीकडे पोहोचलेली नाही. होजाईच्या अपघाताची जागा हत्तींच्या ठरलेल्या वाटेत येत नव्हती, असे रेल्वेने सांगितले. हत्ती नकाशा वाचून चालत नाही. म्हणजे अजून पुष्कळ करायचे आहे. ते करायला वनखाते लागेल, रात्री कळप कुठे आहे हे सांगणारा गावकरी लागेल, आणि आपल्या बीटवर रोज पायी फिरणारा कीमनही लागेल. यांतल्या एकाला देव आणि दुसऱ्याला राक्षस ठरवले तर ते एका टेबलाशी बसणार कसे?

अशी बैठक घडवून आणणारा एक चित्रपट मी पाहिला आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ चा जपानी चित्रपट. विज्ञानकथा म्हणून नव्हे, दंतकथेसारखा आहे, पण प्रश्न तोच. लोखंड गाळणारी एक वस्ती रान तोडते आहे आणि रानाचे देव तिच्यावर चालून येतात. वस्तीची मुखिया एबोशी क्रूर वाटते. मग आपल्याला कळते की वेश्यावस्तीतून सोडवलेल्या बायकांना तिने भात्यावर सन्मानाचे काम दिले आहे आणि कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतःच्या हाताने धुते. रान तोडण्याचा तिचा गुन्हा त्यामुळे पुसला जात नाही. तो तिला फार महागात पडतो. पण शेवटी ती म्हणते की पुन्हा नव्याने, चांगले गाव वसवू. रानात वाढलेली सान माणसांना क्षमा करत नाही, आणि नायक वस्तीत राहूनही तिला भेटायला रानात जात राहायचे ठरवतो. कोणी कोणाला जिंकत नाही. मुलांना दाखवायचा असेल तर हा दाखवा.

विज्ञानपट पाहू नका, असे मी कधीच म्हणणार नाही. मी स्वतः पुढचा ‘अवतार’ आला तर पहिल्या आठवड्यात तिकीट काढीन. विनंती एवढीच आहे की घरी येताना मुलांशी बोला. त्या सुंदर रानात आजारी पडलेला माणूस कुठे होता, हे विचारा. ते भीषण यंत्र कोणाच्या मालकीचे होते, त्याचा फायदा कोणाला मिळत होता आणि रात्रपाळीला ते सांभाळत कोण होते, हेही विचारा. आपल्या वसाहतीतील मुलांना शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडायला वेळ लागू नये. त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील, आणि आता काही जणींच्या आईसुद्धा, त्याच वेळी ड्यूटीवर असतात.



गणपती बाप्पा मोरया!